रक्त येतं म्हणून ब्रश थांबवू नका

प्रिय आई आणि बाबा,
सा. नमस्कार.

आई, रक्त येतं म्हणून खालचे दात तू हल्ली बोटाने मीठ लावूनच घासतेस म्हणे. ते आधी बंद कर. रक्त ब्रशमुळे येत नाही. हिरडीच्या कडेला जंतूंचा चिकट थर बसतो, त्याने हिरडी सुजते आणि सुजलेली हिरडी जरा धक्का लागला तरी रक्त सोडते. तिथे ब्रश फिरवायचं टाळलं की थर वाढतो, मग रक्तही वाढतं. नीट घासायला लागलीस की पहिले काही दिवस रक्त येईल, पण साधारण दोन आठवड्यांत कमी व्हायला हवं. नाही झालं तर आत कीटण, म्हणजे कडक झालेला थर, आहे असं समज. लाळेतल्या कॅल्शियममुळे हा थर दोन-तीन दिवसांतच कडक व्हायला लागतो आणि एकदा दगड झाला की कोणत्याच ब्रशने निघत नाही. खालच्या पुढच्या दातांच्या आतून जीभ फिरवून बघ. जिभेखालच्या लाळेच्या नळ्या तिथेच उघडतात, म्हणून तिथला खडबडीतपणा सगळ्यात आधी हाताला, म्हणजे जिभेला लागतो.

ब्रश मऊच घ्या, ‘सॉफ्ट’ लिहिलेला. केस अर्धे दातावर आणि अर्धे हिरडीच्या कडेवर येतील असा ४५ अंशांत तिरका धरायचा. जागच्या जागी हलकेच थरथरवायचा आणि मग हिरडीकडून दाताच्या टोकाकडे ओढायचा. एका वेळी दोन-तीन दात, आतून आणि बाहेरून, सगळे दात मिळून दोन मिनिटं. बाबा, तुम्ही करवतीसारखा आडवा ब्रश चालवता, त्याने हिरडी मागे सरकते आणि दाताच्या मुळाशी खाच पडते. पेस्ट वाटाण्याएवढी पुरे, काम ब्रश करतो. सकाळचं एक वेळ चुकलं तरी चालेल, रात्रीचं नको. झोपेत लाळ कमी सुटते. केस वाकडे झाले की, नाहीतर तीन महिन्यांनी ब्रश बदला.

दोन दातांच्या मधे मात्र ब्रश पोचत नाही आणि हिरडीचा आजार बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो. सुरमईचा धागा अडकला की बाबा सेफ्टी पिन शोधतात! त्याऐवजी इंटरडेंटल ब्रश आणा, बाटली धुण्याच्या ब्रशासारखाच, फक्त इवलासा. तो थोडा घट्ट बसेल पण जोर लावावा लागणार नाही असा आकार निवडायचा. दात अगदी जवळ असतील तिथे फ्लॉस, म्हणजे दात साफ करायचा बारीक दोरा. दिवसातून एकदा, रात्री.

बाबा, दुखत नाही म्हणून काही नाही, हे तुमचं म्हणणं या आजारात चालत नाही. नुसती सूज असेपर्यंत सगळं पूर्ववत होतं. सूज आत उतरून दाताभोवतीचं हाड झिजलं की ते आपोआप परत येत नाही आणि ते झिजताना बहुधा दुखत नाही. हिरडी आणि दात यांच्यामधली फट १ ते ३ मिलिमीटर खोल असेल तर ठीक. ४ आणि त्यापुढे गेली की आतून सफाई लागते. तुम्हाला मधुमेह आहे, म्हणून धोका जास्त. साखर वाढलेली असली की हिरड्या लवकर बिघडतात आणि हिरड्यांची सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा, सरासरी ०.४ टक्क्याच्या आसपास उतरल्याचं दिसलं आहे. आणि सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येतं, त्यामुळे तुमच्या हिरड्या ठीक दिसतात यावर माझा विश्वास नाही.

आई, तुझ्या बीपीच्या गोळीत अ‍ॅम्लोडिपिन आहे. काहींना त्याने हिरड्या फुगतात. गोळी स्वतःहून बंद करू नकोस, फक्त दाताच्या डॉक्टरांना सांग.

स्केलिंगने, म्हणजे डॉक्टरांनी कीटण खरवडून काढल्याने, दात हलतात असं शेजारच्या काकी सांगतात ते खरं नाही. कीटणाने बुजलेल्या दातांमधल्या फटी मोकळ्या होतात, म्हणून तसं वाटतं. थंड पाणी काही दिवस झोंबेल, एवढंच. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचं माउथवॉश डॉक्टरांनी दिलं तरच घ्या, तेही सांगितलेल्या दिवसांपुरतं. जास्त दिवस वापरलं तर दात तपकिरी होतात आणि माशांच्या हुमणाची चवही नीट लागत नाही. पेस्टनंतर लगेच नको, अर्धा तास जाऊ दे.

गणपतीच्या चवथीची गडबड सुरू व्हायच्या आधी बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात जाऊन या. हिरड्यांचा वेगळा विभाग आहे तिथे. जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि बाबांचा शेवटचा साखरेचा रिपोर्ट न्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती आधी सांगा, मनाने थांबवू नका. आणि बाबा, उपाशीपोटी जाऊ नका. नाश्ता आणि साखरेची गोळी नेहमीच्याच वेळी घ्या.

तुमची,
मनू