शेवटच्या चारीवरून आमदारसाहेबांना

माननीय आमदारसाहेब,
सविनय नमस्कार.

अधिवेशनाला जाण्याआधी आपण आमच्या गावी मारुतीच्या पारावर दोन तास बसलात आणि राज्याच्या धोरणात आपण कोणती कामे आधी धरावीत, हे आम्हालाच विचारलेत. त्याबद्दल आभार मानायचे राहून गेले होते. सत्काराच्या हारतुऱ्यांत ते विरून गेले असते, म्हणून हे उघड पत्र लिहीत आहे.

आमचे गाव परभणी जिल्ह्यात, पैठणच्या डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात, वितरिकेच्या अगदी शेवटच्या टोकाला आहे. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झाले, हे आमच्याकडे शाळकरी पोरही सांगते. पण आवर्तन म्हणजे पाण्याची पाळी सुटल्यावर २०८ किलोमीटरच्या त्या कालव्यातले पाणी आमच्या चारीत, म्हणजे शेतापर्यंत पाणी आणणाऱ्या छोट्या पाटात, कोणत्या दिवशी पोचेल, हे आजवर कोणी सांगू शकलेले नाही. चारीचे अस्तर उखडलेले, दारे गंजलेली, भराव ठिकठिकाणी खचलेला. त्यामुळे सातबाऱ्यावर बागायत असलेल्या जमिनीत ऐन ओंब्या भरायच्या वेळी गहू सुकताना आम्ही पाहिला आहे.

त्या दिवशी आम्ही सभामंडपही मागितला होता. आमदार निधीतून तो सहज झाला असता आणि आपल्या नावाची पाटीही लागली असती. आपण मात्र तोंडावर ‘नाही’ म्हणालात. (काही मंडळी त्यावरून अजून रुसलेली आहेत.) त्याऐवजी वहीच्या एका पानावर आपण आपला क्रम लिहून दिलात आणि त्यात शेवटच्या टोकाच्या चाऱ्यांची दुरुस्ती सर्वांत वर ठेवलीत.

खरे सांगायचे तर, तो क्रम तेव्हा मला पटला नव्हता. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर वरच्या बाजूच्या नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडण्याचा जो निकष २००५ च्या कायद्यातील समन्यायी वाटपाच्या तत्त्वावर ठरला, त्याच्यासाठीच आपण आधी भांडावे, असे माझे म्हणणे होते. नगर-नाशिकचे शेतकरीही पाण्यासाठी तितकेच कासावीस असतात, आणि त्यांच्याकडून मागून आणलेले पाणी आपण फुटक्या चारीत ओतणार असू तर उद्या कोणत्या तोंडाने मागायचे, असा आपला सवाल होता. त्यावर मला उत्तर सुचले नाही. निकषाचा मुद्दा आपण सोडला नाहीत, दुसऱ्या क्रमांकावर ठेवलात, एवढेच.

तिसरा मुद्दा विकास मंडळाचा होता. घटनेच्या कलम ३७१(२) प्रमाणे १९९४ साली स्थापन झालेल्या मराठवाडा विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. त्यानंतर अनुशेषाचा, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या वाट्याचा, हिशेब मागायचा तर कोणाच्या दारात, हा प्रश्न विधानसभेतील मराठवाड्याच्या ४६ आमदारांनी पक्ष बाजूला ठेवून विचारावा, असे आपण म्हणालात. त्यासाठी आपण काही सहकाऱ्यांच्या भेटी घेतल्यात, हे आम्हाला नंतर कळले.

चाऱ्यांच्या दुरुस्तीवर आपण तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, विचारलात. उत्तर नेहमीसारखेच मोघम आले. पण आपण उपप्रश्न लावून धरलात आणि पाहणी करून अंदाजपत्रक तयार करण्याचे आश्वासन सभागृहात मिळवलेत. सभागृहात दिलेले आश्वासन आश्वासन समितीपुढे जाते आणि त्याची पूर्तता तेथे तपासली जाते, हे आमच्या पाणी वापर संस्थेत कोणालाच ठाऊक नव्हते. त्या उत्तराची प्रत आपल्या कार्यालयाने न मागता पाठवली. ती आता संस्थेच्या फायलीत पहिल्या पानावर लावली आहे आणि साहेब लोक पाहणीला आले तेव्हा आम्ही तीच त्यांच्यापुढे ठेवली.

काम निम्मेच झाले आहे. तरीही यंदा रब्बीच्या दुसऱ्या पाळीत पाणी आमच्या चारीत आले. टोकाची चार शेते अजून कोरडी आहेत, त्यांतले एक माझे आहे. उरलेल्या कामाची लांबी आम्ही टेप लावून मोजली आहे आणि तो तपशील या पत्रासोबत जोडला आहे. पुढच्या पाळीला आपण सवड काढून यावे. रुसलेली मंडळीही चहाला असतील.

आपला कृतज्ञ,
सचिव, पाणी वापर संस्था