बॅग ओढली तर सोडून दे

चिमणे,

अनेक आशीर्वाद.

हे फोनवर बोलायला गेलं की आपलं भांडण होतं, म्हणून लिहितेय. परवा तेच झालं. तुझ्या सहकाऱ्याची कॅमेऱ्याची बॅग कोणीतरी हिसकावली, तो मागे धावला, पडला, हाताला टाके पडले, हे सगळं तू बातम्या वाचून दाखवाव्यात तसं सांगितलंस. तेवढ्यावर थांबली असतीस तर मी हळहळले असते आणि विषय संपला असता. पण वर म्हणालीस, "मीही धावले असते." तू ते बोलून मोकळी झालीस. माझ्या डोक्यातून ते जात नाही. पुढच्या आठवड्यात तू निघणार, तेही इतक्या महिन्यांसाठी, आणि मी इथे बसून मनातल्या मनात तुला धावताना बघत राहणार.

असो. धावण्याबद्दल या पत्रात लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे. यादीबद्दल लिहिते.

तू पाठवलेली यादी पाहिली. "बॉडी २, लेन्स ४, फ्लॅश, माइक, बाकी किरकोळ." अगं, प्रयोगशाळेचं डेडस्टॉक रजिस्टर मी निवृत्त होईपर्यंत सांभाळलं. त्यात "सूक्ष्मदर्शक इतके, बाकी किरकोळ" असं लिहिलं असतं तर पडताळणीला आलेल्या माणसानं वही परत माझ्यापुढे सरकवली असती. प्रत्येक वस्तूला स्वतंत्र ओळ हवी. कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर, कधी घेतली, कितीला घेतली, बिल कुठे आहे, सध्या कुठल्या बॅगेत आहे. विकलीस किंवा कुणाला वापरायला दिलीस तर त्याच ओळीत शेरा मारायचा, ओळ पुसायची नाही.

नंबर कुठे असतात ते तुला माहीत आहे, पण तुझ्या जुन्या बॉडीवर बाबांनी आणि मी टॉर्च घेऊन शोधले, म्हणून सांगते. बॉडीचा बहुधा तळाशी असतो, काही मॉडेलांत मागचा स्क्रीन बाहेर ओढल्यावर दिसतो. लेन्सचा माउंटजवळ, म्हणजे ती बॉडीला जोडतात तिथे, किंवा नळीवर, इतका बारीक की बाबांनी चष्मा काढून वाचला. नुसता लिहून घेऊ नकोस, त्या नंबराचाच फोटो काढ. लिहिताना एक आकडा चुकला की त्या नोंदीचा काही उपयोग नाही. आणि तळाचे स्टिकर ट्रायपॉडच्या प्लेटनं घासले जातात. तुझ्या जुन्या बॉडीवरचे शेवटचे आकडे असेच गेले आहेत.

ते मिळाले मात्र तुझ्याच फोटोंत. बाबांनी तुझ्या जुन्या हार्ड डिस्कवरची एक मूळ फाइल उघडून तिची एक्झिफ माहिती, म्हणजे कॅमेरा फोटोसोबत फाइलमध्येच लिहून ठेवतो ती माहिती, काढली, त्यात बॉडीचा पूर्ण नंबर होता. २०१० सालच्या एक्झिफ २.३ पासून बॉडी आणि लेन्सच्या सिरियल नंबरांना त्या मानकात ठरलेली जागा आहे, असं त्यांनी मला मोठ्या उत्साहानं समजावलं. सगळे कॅमेरे तो भरतातच असं नाही, पण पुष्कळ भरतात. फक्त फाइल मूळची लागते. मेसेजमधून पाठवलेल्या प्रतीत ही माहिती बहुतेक उरत नाही. म्हणून प्रत्येक बॉडी आणि प्रत्येक लेन्स जोडून काढलेली एकेक मूळ फाइल यादीच्या फोल्डरमध्येच ठेव.

ती फाइल कुठली होती सांगू? पुराच्या वेळची. शाळेच्या छपरावर बसलेली मुलं. तो फोटो छापून आला तेव्हा मी ओळखीच्या सगळ्यांना दाखवला. आणि तो काढताना तू कमरेएवढ्या पाण्यात उभी होतीस हे मला पुढे कितीतरी दिवसांनी, तेही मामाकडून कळलं. मी तेव्हा काही बोलले नाही. आत्ताही बोलत नाही. पण जी मुलगी तेवढ्या पाण्यात उभी राहते ती बॅगेमागे धावणारच, हे मला कळतं.

मामाकडची चोरी आठवते ना? तू तेव्हा परीक्षेत होतीस, तुला सगळं सांगितलं नाही. सोनं गेलं त्यापेक्षा त्यानंतरची संध्याकाळ वाईट होती. वर्णन द्या म्हणाले, तर आजीच्या बांगड्यांवर नक्षी कुठली होती यावर मामा, मामी आणि मी, तिघांची तीन उत्तरं. ज्या हातांनी आम्हाला वाढवलं त्या हातांतली बांगडी आम्हाला सांगता येईना. पुढे काही दागिने सापडले तेव्हा आपले कुठले हे ठामपणे कुणीच म्हणू शकलं नाही. आजी कोपऱ्यात बसून ऐकत होती.

म्हणून या महिन्यात घरातल्या वस्तूंचीही नोंद करतेय. संग्रहालयवाल्यांनी यासाठी चांगली पद्धत घालून दिली आहे. ऑब्जेक्ट आयडी नावाचं मानक १९९७ मध्ये आलं, ते आता आयकॉम ही संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय परिषद सांभाळते. चोरीला गेलेली कलावस्तू ओळखता यावी म्हणून कमीत कमी काय नोंदवायचं ते त्यात आहे: वस्तू काय, कशाची, मापं किती, तिच्यावर अक्षरं किंवा शिक्के कुठले, ती कुणी आणि कधी घडवली, आणि तिची खास खूण कोणती. इंटरपोलनं २०२१ मध्ये आयडी-आर्ट नावाचं मोफत अॅप काढलं, त्यातही आपल्या वस्तूंची अशी नोंद करून ठेवता येते. मी वहीतच केली. शेजारी पट्टी ठेवून फोटो, समोरून, मागून, शिक्क्याचा जवळून. सोन्यावर ९१६ असेल तर ते २२ कॅरेटचं, ७५० असेल तर १८ चं, हेही लिहिलं.

यातलं खास खुणेचं कलम मला सगळ्यात आवडलं. नवी कोरी वस्तू दुसऱ्या कोऱ्या वस्तूसारखीच असते. वापरलेली तशी नसते. आजोबांच्या घड्याळाच्या काचेवर चारच्या आकड्याजवळ केसासारखी रेघ आहे. आत्याच्या अंगठीचं एक खोबण नंतर भरलंय, तिथला खडा किंचित पिवळसर. आणि आजोबांचा रोलचा कॅमेरा. त्याच्या व्ह्यूफाइंडरजवळ पोचा आहे, तो तुझा. जिन्यावरून उतरताना तो तुझ्या गळ्यात होता आणि पट्टा तुझ्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होता. तू पडलीस. रडायच्या आधी कॅमेरा वर उचलून विचारलंस, "आजोबा, हा जिवंत आहे ना?" आजोबांनी आधी तुझं कोपर पाहिलं, मग शटर दाबून आवाज ऐकवला. त्यांनी तो पोचा कधी काढून घेतला नाही. मी वहीत लिहिलंय, "वरच्या कव्हरवर डाव्या बाजूला पोचा, सुमारे ६ मिमी." बाकीचं त्या रकान्यात मावत नाही.

बघ, तेव्हाही तू आधी कॅमेरा उचललास.

विम्याचं बोलते. घराच्या विम्यात कॅमेरा धरलेला असतो या भरवशावर राहू नकोस. त्या कॅमेऱ्यावर तू पैसे कमावतेस, आणि व्यवसायाच्या वस्तू घरगुती पॉलिसीत बऱ्याचदा बसत नाहीत किंवा फार थोड्या रकमेपुरत्या बसतात. एका वस्तूमागे जास्तीत जास्त किती देणार ही मर्यादा वेगळी असते. भरपाई नव्या वस्तूच्या किमतीनं देणार की घसारा वजा करून, हे आधी विचार. घसारा वजा झाला तर पाच वर्षं वापरलेल्या लेन्सचे पैसे हातात पडतील त्यात तशी लेन्स येणार नाही. गाडीत ठेवून गेलेल्या सामानाबद्दलचं कलम तर दोनदा वाच. कुणी लक्ष द्यायला नसताना गाडीतून गेलं तर पुष्कळ पॉलिसी हात वर करतात, काही फक्त काच किंवा कुलूप फोडल्याचा पुरावा असेल तरच देतात. बिलांचे फोटो आजच काढ. थर्मल कागदावरची बिलं उडतात, तुझ्या ड्रॉवरमधली दोन आत्ताच कोरी पडली आहेत. किंमत दरवर्षी नव्यानं लिही, नवी लेन्स घेतलीस की त्याच दिवशी विमा कंपनीला कळव, त्यांचं उत्तर जपून ठेव आणि...

हे मी रजिस्टरच्या खुर्चीत बसल्यासारखं बोलायला लागले. राग मानू नकोस. तू तुझ्या कमाईवर हे सामान उभं केलंस, एकेक लेन्स, आमच्याकडून काही न घेता. बाबा ते कुणालाही सांगताना आवाज थोडा वाढवतात. अशा मुलीला आईनं घसारा शिकवू नये. पण मला दुसरं काय येतं?

प्रवासाचं थोडक्यात. तुमच्या टीमनं एटीए कार्नेट काढलंय म्हणालीस, ते बरं झालं. तेही मुळात यादीच आहे. १९६१ च्या करारापासून चालत आलेली ही सोय, सामान तात्पुरतं नेऊन परत आणणाऱ्यांना सीमेवर शुल्क भरावं लागू नये म्हणून. त्यातली यादी एकदा निघाली की वस्तू वाढवता येत नाहीत, तेव्हा निघताना ऐनवेळी एखादी लेन्स बॅगेत टाकू नकोस. सुट्या बॅटऱ्या केबिनमध्येच. १०० वॉट-तासांच्या आतल्या सहसा विनापरवानगी चालतात. व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणायचं, तुझ्या ७.२ व्होल्ट, २२८० एमएएच म्हणजे २.२८ अँपिअर-तासांच्या साधारण १६ भरतात, काळजी नाही. व्हिडिओच्या मोठ्या बॅटऱ्यांचा आकडा तेवढा बघ. आणि चेक-इन केलेल्या सामानात काही फुटलं तर १९९९ च्या मॉन्ट्रियल कराराप्रमाणे लेखी तक्रार ७ दिवसांत जायला हवी. थकवा आला म्हणून ते पुढे ढकलू नकोस.

आता तू परवा फोन ठेवताना जे म्हणालीस त्यावर. "आई, मी कॅमेऱ्यासाठी नाही धावणार. कार्डासाठी धावेन." मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. खरं आहे. कार्डावर जे असतं ते कुठल्याही यादीत भरता येत नाही आणि कुठलीही कंपनी ते भरून देत नाही. एखाद्यानं तुझ्यावर विश्वास टाकून चेहरा दाखवला, तो पुन्हा कसा मागायचा?

रात्रभर विचार केला. तुझ्या बॉडीत दोन स्लॉट आहेत. दुसऱ्या कार्डावर प्रत्येक फोटोची प्रत पडेल असं लावून ठेव, नुसतं "भरलं की पुढचं" असं नको. काम थांबलं की दुसरं कार्ड काढून अंगावर ठेव, आतल्या खिशात, चेनच्या आड. बॅगेत नाही. रात्री झोपण्याआधी दोन डिस्कवर प्रती, आणि त्या दोन्ही डिस्क एका बॅगेत नाहीत. पीटर क्रोग या छायाचित्रकारानं प्रचारात आणलेला ३-२-१ चा नियम तूच मला शिकवलास: ३ प्रती, २ प्रकारच्या माध्यमांवर, १ दुसऱ्या जागी. मग बॅगेत उरेल ते काच आणि धातू. त्याच्या प्रत्येक तुकड्याची ओळ माझ्याकडे असेल, नंबर असेल, फोटो असेल. कुणी ओढली तर पट्टा खांद्यावरून जाऊ दे. पट्टा आडवा गळ्यातून घालू नकोस, ओढली तर तू ओढली जाशील. हात मोकळा सोड आणि माणसांत जा. मग पोलिसांत नोंद कर, तिची प्रत घे, मला फोन कर. पुढचं सगळं मी यादीवरून बघेन, कितीही वाजलेले असोत.

लिहायचं नाही म्हटलं होतं, लिहिलंच.

यादी लॅपटॉपवर ठेवून लॅपटॉप त्याच बॅगेत घालू नकोस. एक प्रत क्लाउडवर, एक मला, एक छापून दादाकडे. दादानं कुरकुर केली तर मी बघते. फोनचाही नंबर घाल, *#०६# दाबलं की १५ आकडी आयएमईआय दिसतो, तो फोन हातात असतानाच लिहून घ्यावा लागतो.

रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल कर. सगळं सामान पलंगावर मांड. तू एकेक उचलून नंबर वाच, मी लिहीन, बाबा परत वाचून दाखवतील. फिल्टर आणि केबलसुद्धा. दुपार झाली तरी चालेल, मला घाई नाही.

तुझी,
आई

ता. क. बाबा विचारतात, ट्रायपॉडच्या हेडला वेगळा नंबर असतो का? नसेल तर ते म्हणतात अतिनील शाईच्या पेननं त्याच्या तळाशी तुझी खूण घाल. ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, अतिनील दिव्याखाली उमटते. पेन त्यांनी आणून ठेवलंय, निघण्याआधी येशील तेव्हा हेड घेऊन ये.