परदेशात कपडेवाटप : बॅग भरण्याआधी मापे मागवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परदेशातल्या गरीब वस्तीत जुने कपडे वाटायला स्वयंसेवक म्हणून निघालेल्यांचा पहिला प्रश्न बहुधा वजनाचा असतो : किती किलो नेता येतील? हा हिशेब घरबसल्या मांडता येतो. बऱ्याच विमान कंपन्या सामान्य तिकिटावर एका बॅगेला २३ किलोची मर्यादा घालतात. रिकाम्या बॅगेचे तीनेक किलो वजा जाता उरतात २०. सुती शर्ट दोन-अडीचशे ग्रॅमचा, जीन्स सहाशेच्या आसपास. सरासरी ३०० ग्रॅम धरली तर साधारण ६५ नग बसतात. मदतकार्यात जगभर पाळल्या जाणाऱ्या 'स्फिअर' मानकांनुसार माणशी किमान दोन पूर्ण जोड हवेत, तेही अंगाला बसणारे आणि हवामानाला चालणारे. वरचे-खालचे मिळून चार नग. म्हणजे एका बॅगेत सोळा माणसे झाली! वस्ती दोनशे घरांची असेल तर बाकीच्यांना काय सांगणार, हे निघण्याआधीच ठरवायला हवे.

त्यातून हे कपडे तिथे नाहीत, असे समजण्याचे कारण नाही. केनियातला 'मितुंबा', झांबियातला 'सलाउला', हैतीतला 'पेपे' हे सारे वापरलेल्या कपड्यांचेच बाजार. घानाची राजधानी आक्रा इथल्या कांतामांतो बाजारात साधारण ५५ किलोच्या गाठी येतात. कित्येक किरकोळ विक्रेते उधारीवर गाठ उचलतात आणि ती फोडेपर्यंत आत काय निघेल हे त्यांनाही ठाऊक नसते. अशा बाजाराच्या तोंडावर फुकट वाटप मांडले की फटका याच माणसांना बसतो. आमचे मत सरळ आहे : दूरचा प्रवास करून जुना शर्ट नेण्यापेक्षा तेवढ्या जादा सामानाच्या भाड्यात तिथल्या विक्रेत्याकडून हवी ती मापे घ्यावीत, किंवा तिथल्या शिंप्याकडून मुलांचे शाळेचे गणवेश शिवून घ्यावेत. विस्थापितांच्या छावण्या, नुकताच पूर येऊन गेलेली गावे, बाजारापासून तुटलेल्या वस्त्या यांची गोष्ट वेगळी. तिथे माल न्यावाच लागतो.

न्यायचा तर कस्टम्सचा विचार आधी करावा. फिलिपिन्समध्ये वापरलेल्या कपड्यांची व्यापारी आयात १९६६च्या कायद्याने बंद आहे, इंडोनेशियातही बंदी आहे. रवांडाने २०१६ मध्ये किलोमागे २० सेंटचे शुल्क एकदम अडीच डॉलरवर नेले. त्यावरून झालेल्या वादात अमेरिकेने २०१८ मध्ये रवांडाच्या तयार कपड्यांची शुल्कमाफी स्थगित केली. तेव्हा 'दानाचे आहे, सोडून देतील' या भरवशावर निघू नये. एकसारख्या टी-शर्टांनी भरलेल्या चार बॅगा अधिकाऱ्याला व्यापारी माल वाटल्या तर त्यात त्याचा दोष नाही. माल स्थानिक नोंदणीकृत संस्थेच्या नावे असावा, शुल्कमाफीचे पत्र माल निघण्यापूर्वी हातात असावे, आणि प्रत्येक खोक्यावरचा क्रमांक यादीशी जुळावा. काही देश धुरी दिल्याचे किंवा निर्जंतुकीकरणाचे प्रमाणपत्र मागतात. समुद्रमार्गे आलेला माल कागदांअभावी बंदरात अडकला की ठरावीक दिवसांनंतर रोजचे विलंबशुल्क चढू लागते आणि बघता बघता ते कपड्यांच्या किमतीपुढे जाते. व्हिसाचेही तसेच : पर्यटक व्हिसावर बिनपगारी कामही न चालणारे देश आहेत.

यानंतर मापे. घरोघरची यादी तिथल्याच लोकांनी करावी : कुटुंबप्रमुख, माणसे किती, बाई की पुरुष, मुलांची उंची. मुलांचे वय लिहून उपयोग नाही. अर्धपोटी वाढलेले आठ वर्षांचे मूल सहा वर्षांच्या मापात सहज बसते. दानात नेमके उलटे जमते. मोठ्या पुरुषी पँटी आणि कोट ढिगाने, मुलांच्या चड्ड्या आणि बायकांचे साधे अंगभर कपडे मोजके. यादी हातात असली की दात्यांना 'काय नको' हेही सांगता येते. २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या दमट किनाऱ्यावर लोकरीच्या कपड्यांसकट जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले, कारण ते कुणी मागितलेच नव्हते.

छाननीचे काम कंटाळवाणे, म्हणून ते टाळले जाते. चेन वरखाली करून पाहावी, इलॅस्टिक ताणून पाहावे, काखा आणि गुडघे उजेडात धरावेत. बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधाव्यात, नाहीतर पोहोचल्यावर डाव्याचा उजवा सापडत नाही. आतले कपडे फक्त कोरे. धुतलेला कपडा पूर्ण वाळल्याशिवाय भरू नये. एक ओलसर टॉवेल प्लास्टिकमध्ये आठवडाभर राहिला तर बुरशीचा वास सगळ्या खोक्याला लागतो आणि तो वास लोकांच्या आधी लक्षात येतो, डाग नंतर. खरजेचे किडे माणसाच्या अंगापासून दूर साधारण दोन-तीन दिवसच जगतात, म्हणून शंका असलेला कपडा गरम पाण्यात धुऊन कडक वाळवावा किंवा निदान तीन दिवस, शक्यतो आठवडाभर, पिशवीत बंद ठेवावा. खोक्यावर चारी बाजूंनी लिहावे : कुणाचे, कोणते माप, किती नग. नुसते 'कपडे' लिहिलेले खोके वाटपाच्या दिवशी भर गर्दीत फोडून बघावे लागते.

वाटप ट्रकच्या मागून कधीही करू नये. कपडे वरून फेकले की दणकट माणसे पुढे येतात, म्हातारी आणि गरोदर बाई मागे राहते, आणि चेंगराचेंगरीला निमित्त मिळते. आदल्या दिवशी यादीप्रमाणे क्रमांकाची टोकने द्यावीत, त्यावर तास लिहावा. निवड करू दिली तर एका कुटुंबाला सात-आठ मिनिटे लागतात. तीन टेबले असली तरी तासाला चोवीसच्या वर कुटुंबे होत नाहीत. म्हणून एका तासाला वीसच टोकने. निवड मात्र करू द्यावीच. हातात बांधून दिलेले गाठोडे दुसऱ्या दिवशी बाजारात विकायला दिसते, आणि त्यात लोकांचे काही चुकत नाही. आत जायची वाट एक, बाहेरची दुसरी. शिल्लक माल नजरेआड. चालता न येणाऱ्यांची यादी वेगळी, त्यांच्याकडे संध्याकाळी घरी जावे. बायकांचे आतले कपडे बायकांनीच, अपारदर्शक पिशवीतून द्यावेत. टेबलांवर स्थानिक माणसे हवीत. बाहेरून आलेल्यांनी मागे खोकी फोडावीत, मापे लावावीत, नोंद ठेवावी. फोटोची हौस असणाऱ्यांना हे आवडत नाही; त्यांनी कॅमेरा खोलीवर ठेवून यावे.

सगळे नीट झाले तरी काही माल उरतोच, बहुधा ते मोठे कोट आणि पँटी. तो तिथेच टाकून येऊ नये. पॉलिस्टर उघड्यावर जाळले की विषारी धूर होतो, आणि उकिरड्यावरचे कापड गटारे तुंबवते. जाड सुती कापड शिंप्याला मुलांच्या चड्ड्यांसाठी देता येते, बाकीचे गॅरेजवाले पुसायला घेतात. किती नग उरले, ते कुणाच्या ताब्यात आणि कुठल्या खोलीत आहेत, हे दोन प्रतींत लिहून स्थानिक संस्थेची सही घ्यावी. एक प्रत तिथे ठेवावी, दुसरी दात्यांना पाठवावी.

आपले,
मदतसाहित्य वाटपाच्या कामातील काही वाचक