‘पाहा’ कार्ड कोणी लिहायचे?

माननीय संपादक,

शाळा-महाविद्यालयांनी मुक्त सॉफ्टवेअर वापरावे, पैसे वाचतात, अशा आशयाचा लेख आपल्या पुरवणीत वाचला. पैसे वाचतात हे खरे. मी ३१ वर्षे महाविद्यालयात ग्रंथपाल होते, त्यातली शेवटची ९ वर्षे ‘कोहा’ या ग्रंथालयाच्या मुक्त सॉफ्टवेअरवर काढली. पण अशा सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका कोण लिहिते आणि कोणी लिहायला हवी, हे त्या लेखात राहून गेले.

कोहा न्यूझीलंडचे. होरोव्हेनुआच्या सार्वजनिक ग्रंथालयाची जुनी संगणकप्रणाली २००० साल उजाडल्यावर चालेल याची खात्री नव्हती, म्हणून १९९९ मध्ये ते करून घेतले आणि मग सगळ्यांसाठी खुले केले. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. पाहुण्याने आणायची आणि घेणाऱ्याने कधीतरी फेडायची, आपल्या आहेरासारखी. आपण आहेर घेऊन बसलो आहोत, परतीचे कोणी नाव काढत नाही.

आमच्याकडे २३ हजार पुस्तके, निम्म्याहून अधिक मराठी. नोंदी देवनागरीत केल्या, पडद्यावर स्वच्छ दिसत. मुलांनी ‘सिंचन’ टाइप केले की मात्र काही सापडत नसे, आणि पुस्तक समोरच्या कपाटात! ज्यांनी प्रणाली बसवून दिली त्यांनी (नाव घेत नाही) “मॅडम, मराठीत शोध होतच नाही,” असे सांगून हात झटकले. मग आम्ही चार महिने एकेका मराठी पुस्तकाला रोमन लिपीतले शीर्षक जोडत बसलो. तीन हजारांपर्यंत आलो होतो, तेव्हा विदर्भातली एक ग्रंथपाल मैत्रीण फोनवर म्हणाली, “अगं, आयसीयू लाव की!”

माझ्या लेखी आयसीयू म्हणजे दवाखाना. ते युनिकोडमधला (म्हणजे जगभरच्या लिप्या संगणकात साठवण्याच्या पद्धतीतला) मजकूर नीट हाताळणाऱ्या एका प्रोग्राम-संचाचे नाव निघाले. कोहात शोधाचे काम ‘झेब्रा’ नावाचा प्रोग्राम करतो आणि त्याची मूळ मांडणी देवनागरीच्या कामाची नाही. एका फाइलीतल्या काही ओळी बदलायच्या, सगळ्या नोंदींची सूची पुन्हा बांधून घ्यायची. दुपारभराचे काम.

ही माहिती कुठे लिहिलेली नव्हती असे नाही. होती, पण ‘आयसीयू’ या नावाखाली. म्हणजे उत्तराचे नाव ज्याला ठाऊक, त्यालाच उत्तर सापडणार. यात लिहिणाऱ्याचा दोष नाही, त्याच्यावर ‘सिंचन’ शोधायची वेळच येत नाही. जुन्या कार्ड तालिकेत आम्ही यासाठी ‘पाहा’ कार्ड घालत असू. वाचक ‘कापूस’ विचारत आला आणि पुस्तके ‘नगदी पिके’खाली असली, तर ‘कापूस’च्या जागी एक कार्ड: ‘नगदी पिके पाहा’. अशी कार्डे वर्गीकरणाचे ग्रंथ वाचून सुचत नाहीत. देवघेव खिडकीशी उभा वाचक कोणता शब्द वापरतो, ते ऐकून सुचतात. ‘मराठी शोध होत नाही? आयसीयू पाहा’ ही एक ओळ एखाद्या अडलेल्या ग्रंथपालाने आधीच टाकली असती, तर आमचे चार महिने वाचले असते.

कोहाची पुस्तिका गिटलॅब या संकेतस्थळावर आहे आणि दुरुस्ती कोणीही सुचवू शकतो. फक्त त्याआधी गिट, म्हणजे बदलांची नोंद ठेवणारे प्रोग्रामरांचे साधन, शिकावे लागते. मी भाच्याला शेजारी बसवून शिकायला गेले, अर्धेच डोक्यात शिरले. पीएचपी या संगणकभाषेच्या पुस्तिकेत कित्येक वर्षांपासून पानाच्या खालीच वापरणाऱ्यांच्या टिपा असतात. त्यात कचराही येतो, तो कोणाला तरी काढावा लागतो. तपासणीला माझी हरकत नाही, देणगीची पुस्तके आम्हीही चाळूनच घेतो. पण देणगी घेऊन आलेल्या आजोबांना ‘आधी दाखल नोंदवही लिहायला शिका’ असे आम्ही कधी म्हटले नाही.

आमच्या व्यवसायबंधूंचेही एक पालुपद असते, “आपले इंग्रजी कुठे तेवढे?” मराठीत लिहा की! भाषांतर करणारे मिळतील, अडलेला माणूस मिळणार नाही. ग्रंथपालांच्या कार्यशाळेत बारकोडवर तीन तास जातात, त्यातला एक तास ‘माझे कुठे अडले’ हे लिहून काढायला द्यावा.

मी तेव्हा अर्ध्या पानात सगळी कृती लिहून ग्रंथालयाच्या भिंतीवर चिकटवली होती, एक प्रत घरी आहे. गेल्या महिन्यात चिपळूणहून एका तरुण ग्रंथपालाचा फोन आला, अडचण तीच. मी कागद वाचून दाखवू लागले. तिसऱ्या ओळीला तो म्हणाला, “मॅडम, आमच्याकडे ती फाइल या जागी नाहीये.” त्याने ती शोधली, जागा सांगितली, मी पेन्सिलीने खाली लिहून घेतली.

– एक निवृत्त ग्रंथपाल, कराड