ताई, त्या सहा पुस्तकांसाठी आणि उरलेल्या एका भाकरीसाठी थँक्यू

ताई,

हे तुला व्हॉट्सॲपवरच पाठवणार होते, चार वेळा टाईप केलं आणि चारही वेळा डिलीट केलं. मग म्हटलं सगळ्यांसमोरच लिहावं. तू टोकियोतलं निशी-कासाईचं, माझ्या खालच्या मजल्यावरचं घर सोडून साताऱ्याला गेलीस त्या दिवशी स्टेशनवर मला नीट बोलताच आलं नाही, नुसतं "सावकाश जा, पोचलीस की फोन कर" एवढंच बोलले, आणि ते राहून गेलेलं तेव्हापासून मनात आहे.

२०२४ च्या डिसेंबरात माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि पुढचं मिळालं नाही. तेव्हा मी घरीपण सांगितलं नव्हतं. आईला फोनवर "काम जरा कमी आहे सध्या" एवढंच म्हणायचे. इथल्या लोकांना माहितीये, कंपनी सुटली की १४ दिवसांत इमिग्रेशनला कळवायचं, आणि तीन महिने काहीच काम नसलं तर व्हिसा काढून घेऊ शकतात. म्हणजे मार्च संपेपर्यंतचा वेळ. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारायचे आणि फुली मारून झाली की त्या दिवसाचं काम संपलं असं वाटायचं, कारण दुसरं काही हातातच नव्हतं. दिवसाला पंधरा-वीस ठिकाणी अर्ज, आणि जेवण काय तर कोन्बिनीतला (इथलं चोवीस तास उघडं दुकान) एक ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, तोपण अर्धा सकाळी अर्धा रात्री.

तू कुठून ओळखलंस मला अजून माहीत नाही. बहुतेक कचरा टाकायला खाली आले तेव्हा तोंडावरून. तू काही विचारलं नाहीस, रविवारी ये म्हणालीस, भाकरी करतेय म्हणालीस. आणि जेवून झाल्यावर हातात ते पुस्तक दिलंस, 'शोजो शूमात्सु र्योको', पहिला भाग. इंग्रजीत 'गर्ल्स लास्ट टूर'. मी कव्हर बघितलं, हेल्मेट घातलेल्या दोन गोल चेहऱ्यांच्या मुली, आणि मनात आलं की ताई, मला आत्ता कार्टून नकोय गं. बोलले नाही पण तुला कळलं असणार. तू म्हणालीस, "वाच, जपानी सुधारेल, इंटरव्ह्यूला कामी येईल." ते कारण खोटं होतं हे मला आता कळतंय, पण त्या कारणामुळेच मी घेतलं. मदत म्हणून दिलं असतंस तर मी घेतलंच नसतं.

ज्यांनी वाचलं नाहीये त्यांच्यासाठी थोडं सांगते. त्सुकुमिझु या मांगाकाराचं (मांगा म्हणजे जपानी कॉमिक) हे काम, २०१४ ते २०१८ मध्ये शिंचोशा या प्रकाशनाच्या 'कुरागे बंच' या वेब मासिकात आलं, एकूण सहा भाग. २०१७ मध्ये व्हाईट फॉक्स स्टुडिओनं १२ एपिसोडचा ॲनिमे, म्हणजे कार्टून मालिका, केला आणि २०१९ मध्ये कॉमिकसाठीचा सेइउन पुरस्कार मिळाला, जपानात सायन्स फिक्शनला देतात तो. गोष्ट म्हणावी तर फार थोडी आहे. जग संपलेलं आहे, युद्धांनी. मजल्यांवर मजले चढवलेलं एक अफाट शहर आहे, रिकामं, बर्फानं भरलेलं, आणि त्यात चितो आणि यूरी या दोघी एका केटेनक्राडवरून वर वर निघाल्यात. केटेनक्राड म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली खरीखुरी जर्मन गाडी, पुढून मोटरसायकल आणि मागे रणगाड्यासारखे पट्टे. चितो चालवते, वाचते, डायरी लिहिते, काळजी करते. यूरी मागे बसून झोपते, खाते आणि तिच्याकडे बंदूक आहे. बास. रोज खायला काय, पेट्रोल कुठं, झोपायचं कुठं.

पहिल्याच भागात त्यांना रेशनच्या वड्या सापडतात, वाटून घेतात आणि शेवटी एक उरते. यूरी ती उचलते आणि सरळ चितोवर बंदूक रोखते, लोक युद्ध का करतात यावर त्यांचं नुकतंच बोलणं झालेलं असतं ना, आणि वडी खाऊन टाकते. मग चितो तिला बडवते. मी ते वाचून हसले. ताई, तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसले होते, स्वतःचाच आवाज ऐकून दचकले. मग रात्रभरात डिक्शनरी घेऊन भाग संपवला आणि सकाळी सात वाजता तुझ्या दारात उभी राहिले, दाजी लुंगीवर दार उघडायला आले बिचारे.

तिथनं आपले रविवार सुरू झाले. तीन-चार प्रकरणं, तू एकीचं वाचायचीस मी दुसरीचं. मला कायम चितो दिलीस, कारण चितोचे संवाद मोठे असतात आणि माझी वाक्यं तुटायची. मला अडलं की तू लगेच सांगायची नाहीस, परातीत पीठ मळत राहायचीस आणि मी तिसऱ्यांदा वाचलं की मग एक शब्द टाकायचीस. आणि ते पाट्यांवरच्या अक्षरांचं! त्या शहरातल्या पाट्या मला वाचताच येईनात, मला वाटलं ही कुठलीतरी अवघड कांजी, म्हणजे चित्राक्षरं, असणार आणि माझं जपानी किती कच्चं आहे याचं पुन्हा वाईट वाटायला लागलं, तेव्हा तू बोट ठेवून दाखवलंस की अगं ही साधी कानाच आहेत, उच्चाराची अक्षरं, मोडून-वळवून काढलेली, कुणालाच पटकन वाचता येणार नाहीत अशीच केलीत. मला किती बरं वाटलं ते मी तेव्हा सांगितलं नाही.

डायरीचं प्रकरण मी सगळ्यात जास्त वेळा वाचलंय. यूरी शेकोटीत चितोचं पुस्तक टाकते, चुकून, तिला नीट वाचता येत नाही आणि पुस्तकाची किंमतही कळत नाही. चितो चिडते, बोलत नाही. मग झोपायच्या आधी यूरी तिच्या डायरीत सॉरी लिहिते, पण 'गोमेन ने' मधला 'मे' चुकतो आणि 'नु' होतो. हिरागानात, म्हणजे साध्या कानाच्या एका लिपीत, ही दोन अक्षरं एका छोट्या गाठीनं वेगळी आहेत, मीसुद्धा शिकताना शंभर वेळा चुकवलीत. जग संपलंय, त्यांच्याकडे मोजकीच पुस्तकं होती त्यातलं एक जळलं, आणि सॉरीतसुद्धा स्पेलिंग मिस्टेक. आणि ते वाचल्यावर चितोचा राग उतरतो. मला वाटतं मैत्रीबद्दल यापेक्षा खरं मी तरी कुठं वाचलं नाही.

अंघोळीचं पण आहे. गारठून मरायची वेळ आलेली असताना त्यांना गरम पाण्याचा पाईप सापडतो, त्या ते पाणी साठवून आत उतरतात, आणि पुढची पानं नुसती त्या पाण्यात बसल्यात. पुढे काय, खायला काय, काही नाही. ते वाचून झालं आणि तू पुस्तक मिटून म्हणालीस, चल, टॉवेल घे. सेन्तोला, म्हणजे सार्वजनिक गरम पाण्याच्या न्हाणीघरात, नेलंस मला. ५५० येन, मी मनात हिशोब करत होते की हे एका दिवसाचं जेवण आहे, आणि तू माझेपण भरून टाकलेस काही न बोलता. टोकियोत इतके दिवस राहून मी कधी सेन्तोला गेले नव्हते, लाज वाटायची. गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसले तेव्हा रडू आलं, तिथं सगळ्यांचेच चेहरे ओले असतात म्हणून कुणाला कळलं नाही. तुला कळलं, तू दुसरीकडे बघत बसलीस. थँक्यू त्यासाठी.

तिसऱ्या भागात त्यांना खाण्याचा जुना कारखाना सापडतो आणि बटाट्याचं पीठ, साखर, मीठ घालून त्या स्वतः वड्या भाजतात, आयुष्यभर जे तयार पाकिटातलं खाल्लं ते पहिल्यांदा स्वतःच्या हातानं. ते वाचलं तेव्हा संक्रांत होऊन गेली होती. मी म्हटलं आता काय उपयोग, तू म्हणालीस रथसप्तमीपर्यंत चालतंय की, आणि लगेच तीळ भाजायला घेतलेस. गूळ तिथल्याच इंडियन दुकानातला, पाक जरा पुढे गेला आणि वड्या दाताला लागल्या, तरी आपण सगळ्या संपवल्या.

आता इशीइबद्दल. दुसऱ्या भागातली ती विमान बनवणारी बाई, एकटीनं विमान जोडते, समुद्रापलीकडच्या शहरात जायचं म्हणून. उडतं, आणि थोड्याच वेळात हवेतच मोडतं. ती पॅराशूटनं खाली खाली जाते, जिथनं पुन्हा वर यायचं काही चिन्ह नाही, आणि या दोघी दुर्बिणीतून बघतात तर तिचा चेहरा हलका झालेला. नेमक्या त्या आठवड्यात माझा शेवटच्या राऊंडपर्यंत गेलेला इंटरव्ह्यू नापास झाला होता, मी तुला सांगितलंही नव्हतं. मी ते पान वाचता वाचता थांबले. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं की होईल गं सगळं ठीक, प्रयत्न करत राहा, देव एक दार बंद करतो वगैरे. तू चहा टाकलास. आलं ठेचून. आणि तो चहा पिऊन झाल्यावर पुढचं पान उघडलंस.

मला त्या महिन्यांत सगळे सांगत होते की ठीक होईल. ते चांगल्या मनानं सांगत होते, पण ते ऐकलं की मला आणखी एकटं वाटायचं, कारण ठीक होईल की नाही हे त्यांना माहीत नव्हतं आणि मलाही. या पुस्तकात कुणीच तसं म्हणत नाही. गाडी बंद पडते तेव्हा यूरी चितोला म्हणते की निराशेशी दोस्ती कर, आणि त्यावर चक्क गाणं म्हणत बसते, तोवर चितो स्पॅनर घेऊन घाम गाळतेय. दारूच्या बाटल्या सापडतात तर चंद्राच्या उजेडात नाचतात. पाऊस येतो तर रिकाम्या डब्यांवर, हेल्मेटवर थेंबांचा आवाज ऐकत बसतात आणि त्याचं संगीत होतं. नकाशा काढणारा कानाझावा, त्याचे आयुष्यभराचे नकाशे लिफ्टवरून खाली पडतात, तो स्वतःपण त्यांच्यामागे जायला निघतो, आणि मग वर पोचल्यावर सगळ्या शहरातले दिवे लागलेले दिसतात. तो त्यांना आपला कॅमेरा देऊन टाकतो. दिव्यांनी त्याचे नकाशे परत येत नाहीत. पण तो पुन्हा काढायला लागतो.

(शेवट माहीत करून घ्यायचा नसेल त्यांनी पुढचा पॅरा सोडा.)

सहावा भाग तू मला एकटीला दिला नाहीस. "हा इथंच वाचायचा," एवढंच. गाडी कायमची मोडते, आणि चितो त्याच गाडीत पाणी भरून खालून जाळ लावते, त्यात दोघी शेवटची अंघोळ करतात. मग चालत. थंडीसाठी पुस्तकं जाळतात, शेवटी डायऱ्यासुद्धा, आता चितो स्वतः. अंधारा जिना, एकमेकींचा हात धरून. आणि वर काय, तर काही नाही. बर्फ आणि एक काळा दगड. माझा आवाज तिथं गेला, तर तू चितोचंही वाचायला घेतलंस, पण तुझाही गेला. मग दाजी पेपर खाली ठेवून आले आणि त्यांनी त्यांच्या त्या कराडी टोनमध्ये जपानी वाचलं, बर्फाचे गोळे मारतात ते, शेवटचं वाटून खातात ते, आणि जगणं लय भारी होतं अशा अर्थाचं यूरी बोलते ते. मी तेव्हा तुझ्या मांडीवर डोकं ठेवलेलं. किती वेळ ते माहीत नाही, बाहेर अंधार झाला होता आणि मी त्या दिवशी कॅलेंडरवर फुली मारायला विसरले.

काम मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात लागलं, ते तुला माहितीच आहे. ते मांगामुळे लागलं असं मी म्हणणार नाही, अर्ज मी केले होते आणि नशीबही होतं. पण तोपर्यंत मी जेवत होते, झोपत होते, बोलत होते, ते तुझ्यामुळे.

आणि एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली, तू गेल्यावर. तू दर रविवारी चार भाकऱ्या करायचीस. आपण खाणारे तिघं, प्रत्येकाला एक, आणि मग तू म्हणायचीस, "एक उरली बघ, वाया जाईल, तू घे." दर रविवारी उरायची. इतकं मोजून पीठ घेणारी तू, तुझी भाकरी दर वेळी कशी उरेल? सोमवारी सकाळी ती मी चटणीबरोबर खायचे आणि तेवढ्यावर अर्ज भरायला बसायचे.

पुस्तकं तू माझ्याकडेच सोडून गेलीस, "सामानात वजन होतंय" म्हणून. तेही कारण खोटंच ना? सहाच्या सहा जपून ठेवलीत. दुसऱ्या भागावर हळदीचा डाग आहे तो तुझा.

या रविवारी तुझ्याकडे सकाळी नऊ वाजता व्हिडिओ कॉल करते, माझ्याकडे तेव्हा साडेबारा होतील. बटाट्याचं प्रकरण काढून ठेवते, मी दाखवते कॅमेऱ्यात, तू यूरीचं वाच. दाजींनापण बसव. मी ज्वारीचं पीठ आणलंय, गॅसपण आता आहे माझ्याकडे, भाकरी फुगायला लागलीये. दोन करणार आहे. खालच्या मजल्यावर एक नवीन मुलगी आलीये, तिला बोलावलंय. म्हणजे तीन करते.

तुझी,
वरच्या मजल्यावरची