गप्प बसायला कारण लागतं

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

'शेवटच्या चाळीस पानांत लेखकाने मला बनवलं' ही तुझी तक्रार अगदी रास्त आहे. फसवून घ्यायलाच तर आपण रहस्यकथा हातात घेतो, मग या वेळी राग का आला, हा तुझा पुढचा प्रश्न मात्र जास्त चांगला. सध्या एक रहस्यकथा, मग एक नात्यांवरची कादंबरी, असं आलटून पालटून वाचन चालू आहे. त्यातून माझं मत बनलंय ते असं: दोन्हीकडे कोणीतरी काहीतरी सांगत नसतं. त्या माणसाकडे गप्प राहायला स्वतःचं कारण असेल तर पुस्तक तरतं. लेखकाला गोष्ट तीनशे पानं ताणायची आहे एवढ्याचसाठी तो गप्प असेल, तर शेवटी आपण चिडतो. चिडायलाच हवं.

सगळ्यात आधी 'द मूनस्टोन' घे. विल्की कॉलिन्सची, १८६८ ची. पाचशेच्या आसपास पानं आहेत आणि पहिली शंभर हळू चालतात, हे आधीच सांगतो. म्हातारा कारभारी गोष्ट सांगताना मुद्दा सोडून भटकतो. भटकू दे, त्या भटकण्यातही कामाची माहिती आहे. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लुटीत हाती लागलेला हिरा एका मुलीला वाढदिवसाची भेट म्हणून मिळतो आणि त्याच रात्री नाहीसा होतो. पुढे तपास कसा बांधलाय बघ. मुलीच्या खोलीच्या दारावर ताजा रंग दिलेला होता, त्यावर एक डाग पडलाय. रंगकाम दुपारी ३ ला संपलं, रंग वाळायला १२ तास, म्हणजे पहाटे ३ नंतर डाग पडूच शकत नाही. मध्यरात्री दार स्वच्छ पाहिलेलं आहे. उरले तीन तास. त्या तीन तासांत कोणाचे कपडे दाराला घासले ते शोधा, की झालं. शब्दांचा पसारा सोडला तर हे शाळेतलं वजाबाकीचं गणित आहे, आणि ते वाचकासमोर उघडं मांडलंय.

पण मला खरी आवडली ती हिऱ्याची मालकीण. चोरी तिच्याकडे झालेली, आणि तपासाला विरोधही तिचाच. कपाट उघडून दाखवत नाही, पोलिसांशी धड बोलत नाही. पहिल्या वाचनात तिचा संताप येतो: बाई, दोन वाक्यं बोल आणि मोकळी हो. कारण कळल्यावर लक्षात येतं की ती दोन वाक्यं उच्चारणं तिला हिरा गमावण्यापेक्षा महाग पडलं असतं. कादंबरीचं निम्मं रहस्य आणि सगळं प्रेम त्या एका मौनात आहे. तू बनवला गेलास त्या पुस्तकात शेजारणीला सगळं माहीत होतं आणि ती 'कोणी विचारलंच नाही' म्हणून गप्प होती, असं तू लिहितोस. घराबाहेर पोलिसांची गाडी उभी असताना कोणाला न विचारता गप्प राहवतं? तिला बोलण्याने काय गमवावं लागलं असतं याचा लेखकाने विचारच केलेला नाही. फसवणूक तिथे झाली. शेवटची चाळीस पानं नुसती बिल घेऊन आली.

आता धाग्यांबद्दल, म्हणजे ज्यावरून गुन्हेगार पकडता यायला हवा ते. 'न्यायाने मांडलेला धागा' म्हणजे काय याचं माझ्या मते अजूनही उत्तम उदाहरण अगाथा ख्रिस्तीची पहिली कादंबरी, १९२० ची 'द मिस्टीरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स'. शंभर वर्षं उलटली, आता शेवट फोडला तर पाप लागणार नाही. तरी तुला नको असेल तर हा परिच्छेद सोड. गोष्टीतल्या म्हातारीच्या शक्तिवर्धक औषधात अगदी थोडं स्ट्रिक्निन हे विष आहे, त्या काळी ते औषध म्हणून देतच. बाटलीत कोणीतरी ब्रोमाइडची, म्हणजे झोपेच्या औषधाची, पूड टाकतं. ब्रोमाइडमुळे विरघळलेलं स्ट्रिक्निन स्फटिक होऊन तळाशी बसतं. वरचे डोस निरुपद्रवी, आणि शेवटच्या एका घोटात जवळपास सगळं विष. मारेकरी त्या रात्री घरात असायचीही गरज नाही! पहिल्या महायुद्धात ख्रिस्ती इस्पितळाच्या औषधालयात काम करत होती, त्याचा हा उपयोग. गंमत अशी की ब्रोमाइडच्या पुड्यांची रिकामी डबी, औषध संपत आलेलं असणं, हे सगळं आपल्याला दिसलेलं असतं. पण वेगवेगळ्या प्रकरणांत, आणि प्रत्येक वेळी दुसरंच काहीतरी घाईचं चालू असताना.

धागा लपवायच्या जागा ठरलेल्या असतात, एकदा ओळखल्या की दिसायला लागतात. खोलीतल्या पाच वस्तूंची यादी आली की तिसरी किंवा चौथी बघ. पहिली आणि शेवटची लक्षात राहते हे लेखकाला माहीत असतं. कोणी काही बोलला आणि लगेच फोन वाजला, दार ठोठावलं, कप फुटला, तर त्या फुटण्याआधीचं वाक्य परत वाच. बावळट किंवा बडबड्या पात्राच्या तोंडी दिलेली तक्रार ही तर हमखास जागा, कारण तिला आपण हसतो आणि पुढे जातो. चौथी जागा नव्या पुस्तकांत फार दिसते: धागा एखाद्या हळव्या प्रसंगात पुरायचा. वाचक डोळे पुसत असतो, तेवढ्यात किल्ली या खिशातून त्या खिशात गेलेली असते.

नियमांचं म्हणशील तर रोनल्ड नॉक्स या पाद्र्याने १९२९ मध्ये दहा आज्ञा लिहून ठेवल्या: गुन्हेगार गोष्टीत लवकर यायला हवा, गुप्त वाट एकापेक्षा जास्त नको, कोणाला ठाऊक नसलेलं विष नको, जुळा भाऊ आयत्या वेळी उपटायला नको. अर्ध्या थट्टेत लिहिलेल्या आहेत, पण पहिली मी अजून तंतोतंत धरतो. दोन तृतीयांश पुस्तक झाल्यावर आलेला माणूस गुन्हेगार निघाला, तर पुस्तक मिटवून टाकावं. ख्रिस्तीच्याच १९२६ च्या 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड'वरून खूप वाद झाला, की हे न्यायाचं की अन्यायाचं. माझ्या मते पूर्ण न्यायाचं. त्याबद्दल आणखी एक अक्षर बोलणार नाही; वाचताना घड्याळाच्या वेळा तेवढ्या समासात लिहून ठेव.

आणि हो, तुझ्या पुस्तकातला डॉक्टर. प्रेताकडे बघून 'मृत्यू ९ वाजून २० मिनिटांनी' असं म्हणणारा डॉक्टर भेटला की मी पेन्सिल खाली ठेवतो. देह साधारण तासाला पाऊण-एक अंश सेल्सिअसने थंड होतो, पण सुरुवातीला काही काळ जवळजवळ उतरतच नाही, आणि पुढेही अंगावरचे कपडे, चरबी, वारा, फरशी की गादी, यावर सगळं बदलतं. ताठरतेचा बारा-बारा-बाराचा ठोकताळा, म्हणजे १२ तासांत येते, १२ तास टिकते, १२ तासांत जाते, हाही ठोकताळाच. उकाड्यात सगळं लवकर होतं, थंडीत रेंगाळतं. प्रामाणिक डॉक्टर काही तासांची पट्टी सांगतो. चांगला लेखक त्या पट्टीचाच उपयोग करतो, कारण पट्टी जितकी रुंद तितके जास्त लोक संशयात. तसंच रुमालावरचं क्लोरोफॉर्म: नाकाला लावलं आणि माणूस दोन सेकंदांत आडवा, असं होत नाही. त्याला कित्येक मिनिटं जातात आणि तोवर माणूस झटापट करतो. या एका चुकीवर उभ्या असलेल्या कादंबऱ्यांची गणती करायला बसू नये.

आता केइगो हिगाशिनोची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'. मूळ जपानी, २००५ ची, तिला नाओकी पुरस्कार मिळाला. इथे खून सुरुवातीलाच आपल्या डोळ्यांसमोर होतो. कोणी केला, का केला, सगळं माहीत. शेजारी राहणारा गणिताचा शिक्षक त्या बाईला वाचवायला उभा राहतो आणि पोलीस तिच्या त्या दिवसाच्या हालचाली तपासत बसतात. मग रहस्य उरलं कुठे? शिक्षक स्वतःच एका ठिकाणी सांगतो, की तो परीक्षेत असा प्रश्न घालतो जो दिसतो भूमितीचा आणि असतो फलनाचा. ते वाक्य आलं की थांब, आणि आपण इतका वेळ कुठला प्रश्न सोडवतोय ते स्वतःला विचार. मला उत्तर आलं नाही, हे कबूल.

या कादंबरीबद्दल एक कुरकूर मात्र आहे आणि ती तुलाही होईल. सगळे त्या शिक्षकाच्या त्यागावर फिदा होतात. पण त्याने तिच्यासाठी जे केलं ते तिला न विचारता केलं, आणि त्याचं ओझं शेवटी तिच्याच डोक्यावर. ती जवळजवळ संपूर्ण पुस्तक घाबरून उभी आहे. तिला आणखी तीस पानं मिळती, तिच्या कामाच्या जागेवरची, मुलीबरोबरची, तर तो त्याग प्रेम होता की कर्ज हा प्रश्न खराखुरा उभा राहिला असता.

इथून नात्यांच्या कादंबऱ्यांकडे येतो. त्या मोडतात तिथे बहुतेक वेळा एकच रोग असतो: दोन मिनिटांच्या बोलण्याने मिटणारा गैरसमज दोनशे पानं चालवायचा. पूर्वी पत्र हरवायचं, गाडी चुकायची. आता खिशात फोन आहे, तर लेखक बॅटरी संपवतो. बॅटरी एकदा संपू शकते. दुसऱ्यांदा संपली की लेखकाकडचं कारण संपलंय असं समजावं. दुसरा रोग म्हणजे भांडणात पात्रं आपापल्या मनाचं पृथक्करण करतात. परीक्षा सोपी आहे. भांडणाचं एक पान घे, त्यातले राग, दुःख, प्रेम, एकटेपणा, विश्वास हे शब्द पेन्सिलने खोडून टाक आणि उरलेलं वाच. भांडण अजून कळतंय? मग ते पान चांगलं आहे. काहीच उरलं नाही तर तिथे भांडण नव्हतंच, भांडणाचा गोषवारा होता. तिसरा रोग पैशाचा. घर कोणाच्या पगारावर चालतं, आजारी आईजवळ रात्री कोण बसतं, हे ज्या लग्नाच्या कादंबरीत शंभर पानांपर्यंत कळत नाही, तिथलं दुःख मला हवेतलं वाटतं. माणसं गप्प बसतात त्याचं कारण बरेचदा तिथेच असतं.

दॅफ्ने द्यु मोरियेची 'रेबेका', १९३८ ची, म्हणूनच मला दोन्ही प्रकारांच्या मधोमध बसलेली वाटते. विधुराशी लग्न करून एक तरुणी मोठ्या हवेलीत येते आणि नवऱ्याचा जीव अजून पहिल्या बायकोतच आहे असं धरून चालते. विचारत नाही. वरवर बघता हाच तो पहिला रोग! पण लग्नाआधी ती एका श्रीमंत बाईची पगारी सोबतीण होती. प्रश्न न विचारणं हीच तिची नोकरी होती. हवेलीतही ती नोकरांना घाबरते, फुटलेली शोभेची वस्तू खणात दडवते, गुन्हा केल्यासारखी. अशी मुलगी नवऱ्याला उभं करून जाब विचारेल कशी? आणि तोही आपल्या कारणाने गप्प. दोघांची दोन मौनं, दोन्ही सकारण, आणि त्यांच्यामध्ये घर सांभाळणारी मिसेस डॅनव्हर्स, जिला हिची भीती नीट कळलीय. शेवटचा तपासाचा भाग जरा धावपळीचा आहे, तो मला तितका जमला असं वाटत नाही. पण नवरा-बायको खऱ्या अर्थाने पहिल्यांदा बोलतात ते प्रकरण, त्यासाठी बाकीचं सगळं माफ.

वाचायची पद्धत विचारलीस. वही मोठी नको, एक आडवा कागद पुरे. डावीकडे पात्रांची नावं, वर प्रकरणांचे आकडे. प्रत्येक चौकटीत एवढंच लिहायचं: याला इथे नवीन काय कळलं, आणि ते याने कोणापासून ठेवलं. कोण कुठे होतं हे सगळेच लिहितात. कोणाला काय माहीत होतं हे लिहिलं की पुस्तकाची हाडं दिसतात. पुस्तक तीन चतुर्थांश झालं की थांब, गुन्हेगाराचं नाव आणि कारण लिहून कागद घडी करून ठेव. नाव बरोबर आणि कारण चूक निघालं तर तू नुसता अंदाज मारला होतास. हाच कागद नात्यांच्या कादंबरीलाही चालतो, फक्त गुन्हेगाराच्या जागी 'हे दोघं कधी बोलतील' ते लिहायचं.

क्रम माझ्या मते असा ठेव: 'स्टाइल्स' आधी, छोटी आहे आणि हात बसतो. मग 'सस्पेक्ट एक्स', मग 'रेबेका'. 'मूनस्टोन'ला सलग मोकळे दिवस हवेत. 'अ‍ॅक्रॉइड' कधीही, पण कोणी शेवट सांगायच्या आत, आणि पाठीमागचा मजकूर न वाचता.

'रेबेका'ची गोष्ट सांगणारी जी आहे, तिचं नाव शोध. नवरा एकदा म्हणतो की नाव फार सुंदर आणि वेगळं आहे. कितव्या पानावर सापडतं ते कळव.

तुझा,
दिलीप