वारं गेल्यानंतरचे तीन महिने

मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहिते आहे. आमच्याकडं लकव्याला ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. तसं माझ्या अण्णांच्या उजव्या अंगावरून गेलं. जीव वाचला. सुट्टीच्या कागदावर एक ओळ होती, ‘फिजिओथेरपी सुरू ठेवा’. कुठं, कुणाकडं, हे कुणी सांगितलं नाही.

घरी आई त्यांना लुळ्या हाताला धरूनच उठवायची. खांदा सांध्यातून खाली उतरला. निजल्या निजल्या चहा पाजायचो, ठसका लागायचा. पुढं नांदेडला फिजिओथेरपिस्ट ताईंनी समजावलं, तो हात ओढायचा नाही, उशीचा आधार द्यायचा. ताठ बसवल्याशिवाय घोट द्यायचा नाही, श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. दहा मिनिटांचं सांगणं, पण आमच्यापर्यंत यायला दोन महिने लागले.

साहेब, लकव्यात मेंदूचा जो भाग मरतो तो परत येत नाही. त्याचं काम उरलेला मेंदू शिकतो, तेही सरावानंच, आणि पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात झपाट्यानं. आमचे तेच महिने एसटीच्या फेऱ्यांत गेले. सोबतच्या माणसाची मजुरी बुडायची. सोयाबीनच्या काढणीत तर जाणंच थांबलं.

रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टनी अण्णांपुढं दोन वाट्या ठेवल्या. एकीतली ज्वारी चिमटीनं दुसरीत टाकायची, एकेक दाणा. पहिल्या दिवशी तीन दाणे. कपाळावर घाम आला होता त्यांच्या. आज ते सदऱ्याचं वरचं बटण स्वतः लावतात.

बोलणं मात्र राहिलं. त्यांना सगळं कळतं, शब्द सापडत नाही. पाणी मागायचं तर ‘बैल’ म्हणतात. गावानं त्यांना भ्रमिष्ट ठरवलं. याला वाचाघात म्हणतात, हे सांगणारे स्पीच थेरपिस्ट आम्हाला थेट छत्रपती संभाजीनगरला भेटले.

फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीला 2021 च्या केंद्रीय कायद्यानं आरोग्यसेवेत मान दिला. तो मान आमच्या तालुक्यापर्यंत येऊ द्या. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट हे तिघं कायमस्वरूपी नेमा. रुग्णाला सुट्टी देण्याआधी घरच्यांना उठवणं, बसवणं, भरवणं शिकवलंच पाहिजे, असा आदेश काढा. थेरपिस्टना घरभेटीसाठी गाडी द्या, आशाताईंना त्यांच्यासोबत पाठवा.

आमच्याच गल्लीत आणखी एकाच्या अंगावरून वारं गेलंय. त्यांचा दुसरा आठवडा चालू आहे.

आपली,
हिंगोली जिल्ह्यातली एक लेक